वाचनालयाची संगणक प्रणाली बदलताय? आधी देवघेवीच्या नोंदी बाहेर काढून बघा

संगणक, यूपीएस, इंटरनेट, बारकोड स्कॅनर यांची यादी कुणीही देईल, त्यात वेळ घालवत नाही. आमच्या वाचनालयाची प्रणाली बदलताना माझ्या हातून जे राहिलं, ते आधी. पुरवठादाराने मार्क २१ची, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या ठरीव साच्यातली, फाइल दिली, ती नव्या प्रणालीत नीट चढली, शीर्षकं-लेखक सगळं दिसलं, आणि मी निश्चिंत झाले. सोमवारी एक आजोबा पुस्तक परत करायला आले. बारकोड वाचला, तर पडद्यावर 'प्रत उपलब्ध'. पुस्तक त्यांच्या हातात आणि प्रणालीच्या लेखी कपाटात! बाहेर गेलेल्या प्रत्येक पुस्तकाचं तेच. कुणाकडे काय आहे, ते फक्त वाचकांनाच ठाऊक.

मार्क हा पुस्तकाच्या वर्णनाचा साचा आहे, १९६०च्या दशकात तालिकेच्या, म्हणजे ग्रंथसूचीच्या, कामासाठी घडवलेला. सभासद, चालू देवघेव (कोणतं पुस्तक कुणाकडे), आरक्षण, थकबाकी त्यात येतच नाहीत. ती वेगळी मागावी लागतात. म्हणून या चारही गोष्टींच्या स्वतंत्र सीएसव्ही (तक्त्यासारख्या उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या) फाइल्स मागा. देवघेवीच्या प्रत्येक ओळीत दाखल क्रमांक (वाचनालयाने त्या प्रतीला दिलेला), सभासद क्रमांक आणि परतीची तारीख हवीच. हे करारात लिहून घ्या, तोंडी 'देतो की' चालणार नाही. सही करण्याआधी नमुना घ्या आणि तो पुरवठादाराच्या नव्हे, आपल्या संगणकावर उघडा. सध्या बाहेर असलेली दहा पुस्तकं निवडा आणि प्रत्येक कुणाकडे आहे ते फक्त फाइलवरून सांगून बघा. एकही अडलं तर सही थांबवा. नवी प्रणाली घेतानाही हीच अट घाला, कारण कधीतरी तिच्यातूनही बाहेर पडायचं आहे.

मार्कच्या फाइलीत मराठी शीर्षकंही तपासा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली नावं बाहेर काढली की रोमन अक्षरांचा भुगा होतो. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरी नीट दिसेल अशा संकेतांत, आणा.

आता रचना. तालिका, देवघेव, डिजिटल संग्रह आणि सभासदांचं लॉगिन हे वेगवेगळे भाग ठेवा, म्हणजे एक बदलताना बाकीचे हलवावे लागत नाहीत. कोहा ही ग्रंथालयाची प्रणाली २००० सालापासून वापरात आहे आणि मुक्त (ओपन सोर्स) आहे, पण सांभाळणारा माणूस लागतोच. त्याचा पगार अंदाजपत्रकात धरा. वाचकाने स्वतः पुस्तक नेण्या-परत करण्याची स्वयंसेवा यंत्रं प्रणालीशी एसआयपी२ या ठरलेल्या पद्धतीने बोलतात आणि ते बोलणं मुळात उघडं असतं, म्हणून ते टीएलएसमधून, म्हणजे सांकेतिक करूनच, न्या. पुस्तकाला चिकटवलेल्या, रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या आरएफआयडी टॅगवर वाचकाची माहिती कधीही नको. स्कॅन केलेल्या दुर्मिळ ग्रंथांची मूळ टिफ (पूर्ण दर्जाच्या प्रतिमा-फाइली) जपा, वाचकाला पीडीएफ द्या.

बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा ऑनलाइन तालिका वाचकांना पुन्हा मिळायला जानेवारी २०२४ उजाडलं. बॅकअप परत चढवूनही बघा.

प्रशिक्षण, फलक, सभासदांना निरोप: नेहमीचंच. बदलाचा दिवस सुट्टीचा घ्या. आणि देवघेवीची शेवटची फाइल आदल्या रात्री काउंटर बंद झाल्यावरच काढा, दुपारची चालणार नाही. त्यानंतर एखादं पुस्तक द्यावंच लागलं, तर दाखल क्रमांक वहीत लिहा.