जुनं विमान घेताय? शेपटीतला ईएलटी आधी नीट बघा

अमेरिकेत ओळखीतली काही मंडळी हल्ली दोघं-तिघं मिळून जुनं सेस्ना नाहीतर पायपर विकत घेतायत, फार छान वाटतं बघून, पण विकत घेताना सगळे इंजिनाचे तास विचारतात, रेडिओ कुठला बसवलाय ते विचारतात आणि मागे शेपटीच्या बाजूला जो छोटा केशरी किंवा पिवळा डबा असतो त्याच्याबद्दल कोणीच विचारत नाही. तो डबा म्हणजे ईएलटी, इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर. विमान आदळलं की आतला जी-स्विच धक्क्याने आपोआप चालू होतो आणि "आम्ही इथे आहोत" असा सिग्नल जातो. निदान जायला तरी हवा, आणि तो जाईल याची काळजी मालकानेच घ्यायची असते म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

नियम आहे एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा) ९१.२०७. अमेरिकेत नोंदलेल्या बहुतेक सगळ्या विमानांना ईएलटी लागतोच. हेलिकॉप्टर आणि ग्लायडर यात येत नाहीत, एकाच माणसाला बसायची सोय असलेलं विमान सुटतं, शेतात औषध फवारणारी विमानं फवारणीच्या कामावर असतील तर सुटतात, आणि विमानतळापासून ५० नॉटिकल मैलांच्या आत फक्त ट्रेनिंगची उड्डाणं असतील तर तिथेही सूट आहे. पण हे वाचून "आपण तर जवळच उडतो" म्हणून निवांत बसू नका, बायकोला शेजारी बसवून लंच खायला पुढच्या गावी गेलात की ते ट्रेनिंग नाही.

आता पहिलं काम, डबा कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते बघा. जुने असतात १२१.५ मेगाहर्ट्झचे, नवीन ४०६ चे. कॉस्पास-सारसॅट नावाची जी उपग्रहांची यंत्रणा आहे (भारतही त्यात आहे, तिकडचं कंट्रोल सेंटर बंगळुरूला इस्रोकडे आहे) तिने १ फेब्रुवारी २००९ पासून १२१.५ ऐकणं बंद केलं. म्हणजे जुना डबा आजही वाजतो, अमेरिकेत तो ठेवणं कायदेशीर पण आहे, फक्त उपग्रहातून कोणी ऐकत नाही, वरून जाणाऱ्या एखाद्या पायलटने ती फ्रिक्वेन्सी लावून ठेवली असेल तरच कळणार. ४०६ वाला साधारण दर ५० सेकंदांनी ५ वॉटचा डिजिटल सिग्नल मारतो, त्यात विमानाची ओळख असते, आणि जीपीएस जोडलेला असेल तर जागा पण अचूक कळते, नसेल तर काही किलोमीटरच्या अंदाजाने. माझं स्पष्ट मत आहे की विमानात १२१.५ असेल तर किमतीत घासाघीस करून तो खर्च आधीच वळता करून घ्या आणि ४०६ बसवा. कॅनडात जायचा विचार असेल तर तसंही ४०६ शिवाय चालणार नाही, त्यांनी तो सक्तीचा केलाय.

दुसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, डबा बसवलाय कसा ते डोळ्यांनी बघा. ९ ऑगस्ट २०१० ला अलास्कात डिलिंगहॅमजवळ एक ऑटर विमान डोंगरावर आदळलं, त्यात माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स होते. नऊ जणांपैकी पाच गेले, चार जखमी अवस्थेत तिथेच अडकले. विमानात ४०६ चा ईएलटी होता, तो धक्क्याने चालूही झाला होता, पण ज्या ट्रेमध्ये तो बसवतात त्यातून निसटून बाहेर पडला आणि अँटेनाची केबल सुटली, त्यामुळे सिग्नल बाहेर गेलाच नाही. कागदावर सगळं बरोबर होतं हो! तो ईएलटी वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधलेला होता, आणि पुढे एफएएने नवीन ईएलटींसाठी वेल्क्रो चालणार नाही असं स्टँडर्डमध्येच घातलं. पण जुन्या विमानांत तो पट्टा आजही सापडेल. तर मागचं पॅनल उघडायला लावा, पट्टा ओढून बघा, डबा ट्रेमध्ये हलतोय का बघा, त्याच्यावरचा बाण विमानाच्या नाकाकडे आहे का बघा (उलटा बसवला तर जी-स्विच बरोबर चालणार नाही), केबल अँटेनापर्यंत नीट गेलीये ना, कुठे दुमडली-चिरडली नाही ना ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

बॅटरीचा नियम सोपा आहे. एकूण वापर तासाभराच्या वर गेला की बदलायची, किंवा उपयुक्त आयुष्य निम्मं संपलं की बदलायची. बॅटरी बदलायची शेवटची तारीख डब्याच्या बाहेर वाचता येईल अशी लिहिलेली पाहिजे आणि लॉगबुकमध्ये पण पाहिजे, दोन्ही जुळतायत का बघा. दर १२ कॅलेंडर महिन्यांत तपासणी लागते, म्हणजे मार्चच्या ५ ला केली असेल तर पुढच्या मार्चच्या ३१ पर्यंत चालते. त्यात चार गोष्टी असतात, नीट बसवलाय का, बॅटरीला गंज आहे का, स्विच आणि जी-सेन्सर चालतायत का, आणि अँटेनातून पुरेसा सिग्नल निघतोय का. बहुतेक लोक अॅन्युअलबरोबरच (विमानाच्या वार्षिक तपासणीत) उरकतात, हरकत नाही, पण मेकॅनिकने लॉगबुकमध्ये त्याची वेगळी नोंद केलीये याची खात्री करा. दुरुस्तीला डबा काढला तर ९० दिवसांपर्यंत त्याशिवाय उडता येतं, पण नोंद हवी आणि पायलटला दिसेल अशी "ईएलटी बसवलेला नाही" ही पाटी हवी.

आता रजिस्ट्रेशन. ४०६ चा प्रत्येक ईएलटी नोआकडे (अमेरिकेची हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था) नोंदवावा लागतो, ऑनलाइन होतं, फुकट आहे, दर दोन वर्षांनी रिन्यू करायचं. डब्यावरचा १५ अक्षरांचा हेक्स आयडी (ओळख क्रमांक) जसाच्या तसा टाका. विमान नवीन घेतलं असेल तर जुन्या मालकाचं नाव आणि फोन अजून तिथे असणार, सिग्नल गेला तर फोन त्याला जाईल आणि तो म्हणेल मी तर विमान कधीच विकलं! टेल नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) बदलला असेल तर आतलं कोडिंग पण बदलून घ्यावं लागतं. आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून पुण्या-नाशिकच्या आईवडिलांचे नंबर टाकू नका. तिकडे रात्री दोनला फोन आला तर ते बिचारे हादरतील आणि तुम्ही कुठून कुठे निघालात हे त्यांना माहीतही नसतं. इथलाच माणूस द्या, ज्याला तुम्ही निघताना मेसेज करता, शक्यतो दोन नंबर द्या.

टेस्टिंगमध्ये लोक फार गोंधळ घालतात. १२१.५ वाला प्रत्येक तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच तपासायचा आणि फक्त तीन स्वीप (सायरनसारखे आवाज) ऐकू येईपर्यंत, बस. ४०६ वाला फक्त कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे सेल्फ-टेस्टने, स्विच ऑन करून "बघू चालतो का" असं अजिबात नाही. हवेत असताना टेस्ट दोघांचीही करायची नाही. रोज उतरल्यावर इंजिन बंद करायच्या आधी रेडिओवर १२१.५ लावून ऐकायची सवय लावा, जोरात लँडिंग झालं असेल तर तुमचाच डबा ओरडत असेल. तसं झालं तर गुपचूप बंद करून घरी जाऊ नका, बंद करा आणि लगेच टॉवरला किंवा एअर फोर्सच्या रेस्क्यू सेंटरला कळवा की चुकून लागलाय. कोणी ओरडत नाही, उलट शोधाला निघालेली माणसं थांबतात.

आणि खरंच शेतात किंवा रस्त्यावर उतरायची वेळ आली तर जी-स्विचवर अवलंबून राहू नका. हवेत असतानाच कॉकपिटमधला ईएलटीचा रिमोट स्विच ऑनला टाका, कारण हळू उतरलात तर धक्का कमी पडेल आणि तो लागणारच नाही. उतरल्यावरही ऑनच ठेवा, मदत येईपर्यंत बंद करायचा नाही, आणि आग वगैरे नसेल तर विमानापासून लांब जाऊ नका. तो स्विच कुठे आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही दाखवून ठेवा, सीटबेल्ट दाखवता तेव्हाच.