ग्रामपंचायतीचं दप्तर बघायला जायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी नेमकं काय बघायचंय ते घरी बसून ठरवा, आणि एकच ठरवा. "गेल्या पाच वर्षांचा सगळा कारभार द्या" असा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, मनातल्या मनात खुशच होतो, कारण महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमात २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा असं आहे, म्हणजे नाही म्हणायला कारण तुम्हीच हातात दिलं. त्यापेक्षा एक रस्ता घ्या, नाहीतर एक पाण्याची टाकी, नाहीतर खांबावरचे दिवे. एका कामाचा कागद मुळापासून शेवटपर्यंत नीट बघितला ना, तर गावचा कारभार कसा चालतो ते बऱ्यापैकी कळतं, बाकीचं आपोआप सुचत जातं. आणि हो, "रस्ता वर्षभरात का उखडला" हा प्रश्न अर्जात लिहू नका, "का" चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद दाखवायला आहेत. त्या रस्त्याचा कागद मागा, "का" तुम्हाला तिथंच सापडेल.

मग मोबाईल घ्या आणि ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा. जिल्हा, तालुका, आपली ग्रामपंचायत, वर्ष निवडायचं, एवढंच. वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च हे लक्षात ठेवा, २०२३ च्या दिवाळीत झालेलं काम २०२३-२४ मध्ये सापडणार. गावचा विकास आराखडा तिथं असतो, पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कशावर पडले ते दिसतं, व्हाउचर दिसतात. या निधीत २०२१ ते २०२६ च्या काळात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच खर्चायचा, आणि ४० टक्के अबंधित, हे माहीत असलं की "निधीच नाही हो" या वाक्यातलं किती खरं ते तिथंच कळतं. जे व्हाउचर तुमच्या कामाचं वाटतंय त्याचा नंबर, तारीख, रक्कम एका कागदावर उतरवून घ्या. रिकाम्या हातानं जाणाऱ्या माणसाला "बघू, पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर मिळतं आणि व्हाउचर नंबर घेऊन जाणाऱ्याला खुर्ची मिळते, हे मी बघितलंय.

आता खरी तयारी, रजिस्टरांची नावं पाठ करायची. ग्रामपंचायतीचं दप्तर नमुना १ ते ३३ असं असतं, २०११ च्या लेखा संहितेप्रमाणे, सगळे लागत नाहीत. नमुना ५ म्हणजे रोकडवही, पैसे आले-गेले ते तारखेनं. नमुना १२ म्हणजे खर्चाचं प्रमाणक (व्हाउचर), त्याला दुकानदाराचं बिल जोडलेलं पाहिजे. नमुना २० म्हणजे कामाचं अंदाजपत्रक, २०क म्हणजे मोजमाप वही (सगळे एमबीच म्हणतात), २०ख म्हणजे कामाचं बिल. नमुना १६ म्हणजे जड वस्तूंचं रजिस्टर, खुर्च्या, कॉम्प्युटर, मोटर वगैरे. नमुना २३ रस्त्यांची नोंद. आणि यातलं काहीच बघायला जमलं नाही तरी ऑडिटचा रिपोर्ट आणि नमुना २७, म्हणजे ऑडिटच्या आक्षेपांचं काय झालं ते, हे मात्र सोडू नका, कारण तुम्ही जे शोधायला निघालात ते बऱ्याचदा ऑडिटवाल्यानं आधीच लिहून ठेवलेलं असतं, फक्त ते गावात कुणी वाचलेलं नसतं. याच्या जोडीला प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, मासिक सभेचं वेगळं आणि ग्रामसभेचं वेगळं. तुमच्या कामाचा ठराव कोणत्या तारखेच्या सभेत झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, हजेरीवर सह्या किती. तुम्ही स्वतः त्या ग्रामसभेला बसला असाल तर ते पान वाचताना मजा येईल एवढंच सांगतो.

इथं एक घोटाळा कायम होतो म्हणून सांगतो. नमुना ८ आणि ८अ वेगळे. नमुना ८ ग्रामपंचायतीत, तुमच्या घराची कर आकारणी. ८अ तलाठ्याकडं, तुमच्या शेतीचं खातं. सातबारा, फेरफार हे सगळं तलाठी आणि तहसीलकडं, मिळकत पत्रिका भूमी अभिलेखकडं. लोक सातबाऱ्याचं भांडण घेऊन ग्रामसेवकाकडं जातात आणि तो बिचारा तरी काय करणार. तसंच जलजीवन मिशनची नळपाणी योजना, मोठा डांबरी रस्ता असली कामं बऱ्याच ठिकाणी जिल्हा परिषदेच्या खात्याकडून होतात, एमबी तिकडच्या इंजिनिअरकडं असते. चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तरी घाबरायचं नाही, कलम ६(३) प्रमाणे तो त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण आधीच नीट विचारून बरोबर ठिकाणी टाकला तर वेळ वाचतो. आणि फक्त स्वतःच्या घराचा उतारा किंवा जन्म-मृत्यूचा दाखला पाहिजे असेल तर माहिती अधिकार कशाला, तो २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात साधा अर्ज करून मिळतो.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र अ या ठरलेल्या नमुन्यात, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स जोडा, फी नाही. स्टॅम्प तालुक्याला गेलात की चार-पाच एकदम घेऊन ठेवा, गावात ऐनवेळी मिळत नाही. अर्जात "प्रती द्या" असं लिहिण्याआधी "अवलोकन करायचंय" (कागद तिथं बसून बघायचेत) असं लिहा, म्हणजे साधारण असं: सन २०२३-२४ मध्ये पंधराव्या वित्त आयोगातून झालेल्या अमुक वस्तीच्या रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप वही, बिल, प्रमाणक आणि संबंधित ठराव यांचं अवलोकन, व निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती. कारण लिहायचं नाही, विचारलं तरी सांगायची सक्ती नाही. दोन प्रती काढा, एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. घ्याच. शिपाई म्हणेल ठेवा इथं, साहेब आले की देतो, तसं ठेवून येऊ नका. कुणी घेतच नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

अर्ज न करताही एक वाट आहे, सामान्य प्रशासन विभागाचं नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक, जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. त्याची प्रिंट खिशात ठेवा कारण बऱ्याच ठिकाणी ते कुणी वाचलेलंच नसतं. पण एका भाऊसाहेबाकडं दोन-तीन गावं असतात, सोमवारी तो तुमच्याच गावात असेल असं नाही, आदल्या दिवशी फोन करा. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय म्हणे, पण गावात कोण म्हणतंय.)

आता माणसांची तयारी, ही कागदापेक्षा अवघड. लहान गावात सरपंच म्हणजे कुणाचा तरी चुलता नाहीतर मामा, क्लार्क तुमच्या वर्गातला, संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचतो की तुमचा पोरगा पंचायतीत रजिस्टर चाळत होता. त्यामुळं घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आणि एकटे जाऊ नका, एखादी काकी किंवा बचत गटातली ताई सोबत असली तर आवाज चढत नाहीत, हा माझा अनुभव. घरपट्टी भरल्याची पावती बरोबर असू द्या. थकबाकी असली तरी माहिती नाकारता येत नाही पण "आधी घरपट्टी भरा मग बोला" हे वाक्य चारचौघात ऐकायची वेळ येत नाही. आणि दुसऱ्याच्या घरपट्टीत, आधार नंबरात, कुणाच्या दुखण्याखुपण्याच्या दाखल्यात नाक खुपसू नका. वैयक्तिक माहितीचं कलम नोव्हेंबर २०२५ पासून आणखी कडक झालंय, आणि ते नसतं तरी गावात भांडण लावायला तेवढंच पुरतं. कामाचे पैसे हा विषय धरा, माणूस धरू नका.

जायच्या दिवशी पेन्सिल न्या. खरंच पेन्सिल, कारण २०१२ च्या नियमात लिहिलंय की अवलोकन करताना फक्त पेन्सिल जवळ ठेवता येईल, पेन माहिती अधिकाऱ्याकडं जमा. रजिस्टरात कुणी काही खरडू नये म्हणून असणार, आणि ते बरोबरच आहे. मोबाईलनं फोटो काढायचे असतील तर ते अर्जातच लिहा, ऐनवेळी त्यावरून वाद होतो आणि मूळ काम राहून जातं. वही, टोपी, पाण्याची बाटली. आणि टेप, लांब असेल तर उत्तम.

टेप कशाला तर एमबीसाठी. समजा वहीत सिमेंट रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड असं लिहिलंय, गुणाकार केला की ४५ घनमीटर काँक्रीट, त्याचंच बिल निघालेलं असतं. आता बाहेर जाऊन रस्ता मोजा. लांबी-रुंदी सहसा बरोबर भरते, ती सगळ्यांना दिसते ना. जाडी बघा, रस्त्याच्या कडेला जिथं पाईपलाईनसाठी फोडलंय तिथं पट्टी लावा. १० सेंटीमीटर भरली तर ३० घनमीटरच झालं आणि १५ घनमीटर कागदावरच वाळलं. अर्थात कडेला जाडी कमी आणि मधे बरोबर असंही असू शकतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना मागायची सुद्धा सोय आहे, कलम २(ञ) मध्ये, पण तिथपर्यंत क्वचित जावं लागतं. दिव्यांचं त्याहून सोपं, रजिस्टरला दिवे किती चढवलेत ते उतरवा आणि संध्याकाळी गावात फिरून खांब मोजत या.

बघताना पान नंबर पेन्सिलीनं वहीत लिहीत जा आणि शेवटी तेवढ्याच पानांच्या साक्षांकित प्रती मागा, पानाला दोन रुपये. पैसे दिले की पावती, नमुना ७ ची, हातानं चिठ्ठीवर लिहिलेली नाही. ३० दिवसांत काहीच आलं नाही तर मुदत उलटल्यानंतर माहिती फुकट द्यायची असते, हे त्यांना माहीत असतं पण सांगत नाहीत. पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, ग्रामपंचायतीसाठी बहुतेक ठिकाणी पंचायत समितीत, तिथं अपिलीय अधिकारी कोण ते ऑफिसच्या बोर्डावर बघा, वीस रुपयांचं स्टॅम्प लागतं. त्यानंही नाही भागलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील, तिथं नंबर लागायला वेळ लागतो. म्हणून अर्जाच्या पोचपावतीचा फोटो त्याच दिवशी घरच्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा आणि मोबाईलमध्ये ३१ व्या दिवसाचा अलार्म लावा.