आजोबांचं .३२ पिस्तूल अडकतं तेव्हा

आजोबांचं .३२ पिस्तूल परवान्यासह माझ्याकडे आलं आणि नेमबाजीच्या रेंजवर दर तिसऱ्या काडतुसाला अडकू लागलं. आधी मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, रिकामी आहे का ते बोटाने चाचपा. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

दोष बहुधा मॅगझिनमध्येच सापडतो. गोळी नाक खाली करून पुढच्या भिंतीवर आदळत असेल, तर स्प्रिंग दमलेली असते किंवा आत जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. मॅगझिन सुटं करून कोरड्या फडक्याने पुसा. आत तेल घालू नका, धूळ धरते.

.३२चा खरा त्रास वेगळाच. बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या या काडतुसाची बुडाची कडा किंचित बाहेर असते. वरच्याची कडा खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून भरताना प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे ठेवा. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांत हे जास्त घडतं. मी गोल टोकाच्याच वापरतो.

मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या तोंडाच्या वळवलेल्या कडा) फाकलेले दिसले तर पक्कड लावू नका, कळकळीने सांगतो. जुनं पोलाद तडकतं. ते परवानाधारक कारागिराकडेच न्या.