गाण्यातली जागा मुलासाठी सोडा: बोलक्या टॅबसोबत होणाऱ्या या चुका टाळा

कुणी 'जोतिबाच्या नावानं' म्हटलं की कोल्हापुरातल्या माणसाच्या तोंडून 'चांगभलं' आपसूक निघतं. वडिलांच्या खांद्यावर बसलेलं दोन-तीन वर्षांचं पोरही बोबडं का होईना, ते म्हणतंच. ज्या मुलाला तोंडानं म्हणता येत नाही, त्याच्या टॅबवर मी बऱ्याचदा पहिलं बटण याच शब्दाचं करते. आईनं 'जोतिबाच्या नावानं' म्हणायचं आणि थांबायचं. मुलानं बटण दाबलं की टॅब बोलतो, 'चांगभलं!'

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत काम करते. न बोलणाऱ्या मुलाला बोलकं यंत्र शिकवताना गाण्याइतकी मदत दुसऱ्या कशाचीच होत नाही, हा माझा अनुभव. चाल ठरलेली असते, शब्द परत परत येतात आणि पुढं काय येणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं. त्यामुळं त्याचं सगळं लक्ष बटण शोधण्याकडं आणि हात तिथवर नेण्याकडं लागू शकतं. पण हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: गाण्यात मुलासाठी मोकळी जागा हवी. ती जागा आपण मोठी माणसंच भरून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक: वाट न बघणं

माझ्याकडं चार वर्षांचा एक मुलगा यायचा. सेरेब्रल पाल्सीमुळं त्याचा हात उचलायला वेळ लागायचा. आम्ही त्याच्यासाठी एक साधं गाणं केलं होतं, गाडी रंकाळ्याला निघते आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी कुणीतरी 'थांब' म्हणतं. ते 'थांब' त्याचं. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही. मग एका सत्राचा व्हिडिओ मी घरी नीट बघितला. मी जेमतेम दोन सेकंद थांबत होते आणि मग स्वतःच बटण दाबून पुढं गात होते. त्याचं कोपर चौथ्या सेकंदाला हलायला लागायचं, तोवर गाणं पुढं गेलेलं असायचं. चूक माझी होती.

पुढच्या वेळी आजी आणि मी ओठ मिटून बसलो. कोपर हललं. हात वर आला, बटणाच्या पलीकडं गेला, परत मागं आला. अकराव्या सेकंदाला टॅब बोलला, 'थांब'. आजीचा टाळीसाठी उचललेला हात हवेतच थांबला. तो हात आपल्यामुळं थांबलाय हे त्याला कळलं तेव्हा तो जे हसला, ते मी विसरणार नाही.

मैफलीत जाणकार श्रोता समेची वाट बघतो, मान आधीच तयार असते, पण तो घाई करत नाही. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायचे, त्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मनात दहा आकडे मोजा. चेहऱ्यावर उत्सुकता ठेवा, पण 'दाब ना, दाब की' म्हणू नका, कारण तुमचा आवाज आला की जागा भरली. दहा झाले तरी हालचाल नसेल तर बटणाकडं बोट करा, परत थांबा. तरीही नाही, तर तुम्ही स्वतः दाबा आणि आनंदानं पुढं गा.

मुलाचा हात धरून मात्र दाबू नका. आवाज तुमच्या जोरावर निघतो आणि बोलायचं तर आधी कुणीतरी आपला हात धरायला हवा, अशी सवय मुलाला लागते. हाताला खरोखरच आधार लागत असेल तर तो कसा द्यायचा हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून शिकून घ्या.

एका बटणावर अख्खं गाणं

बटण दाबलं की पूर्ण गाणं वाजतं, अशी सोय बरेच पालक हौसेनं करतात. मग मूल दिवसभर तेच बटण दाबतं आणि घरातले म्हणतात, 'याला टॅब फक्त गाण्यासाठी पायजे.' त्याला दोष देऊ नका, त्या बटणातून त्याला तेवढंच मिळतं. बटणावर शब्द ठेवा आणि गाणं तुम्ही म्हणा: अजून, थांब, परत, हळू, मोठ्यानं, दुसरं, नको, झालं. हे शब्द उद्या जेवताना, अंघोळीला, झोपाळ्यावरही लागतात. 'हळू' दाबल्यावर आई खरंच हळू गायला लागली की तो शब्द मुलाचा होतो.

शब्द तुमच्या घरातले घ्या. एका घरात मी 'पुरे' असं बटण करून दिलं होतं. त्या घरात 'पुरे' कुणीच म्हणत नव्हतं, सगळे 'बास' म्हणायचे. बटण बदललं आणि त्याच आठवड्यात ते वापरात आलं. जमलं तर आवाजही घरातल्या मोठ्या ताईचा किंवा दादाचा रेकॉर्ड करा.

आपण न वापरणं

बोलायला लागण्याआधी मूल वर्षभर आपलं बोलणं ऐकतं. टॅबवरची भाषा मात्र त्यानं पहिल्या दिवशी बोलावी अशी आपली अपेक्षा असते. गाताना तुम्ही स्वतः बटणं दाबा. सगळे शब्द नकोत, ओळीतला एकच महत्त्वाचा. 'परत म्हणूया' म्हणताना 'परत' दाबायचं, बस्स. मुलाकडून लगेच काही परत मागू नका.

आणि बटणांच्या जागा हलवू नका. नवीन शब्द रिकाम्या चौकोनात घाला. मुलाचं बोट जागा पाठ करतं, आपण स्वयंपाकघरात अंधारातही मिठाचा डबा काढतो तसं.

टॅब ऐनवेळी दगा देतो तेव्हा

गाणं आणि बोलणं एकाच टॅबवर ठेवू नका. गाणं सुरू केलं की बोलण्याचा पडदा जातो, आणि राहिला तरी त्याचा आवाज गाण्याखाली दबतो. गाणं दुसऱ्या फोनवर लावा, किंवा सरळ स्वतः गा. तुम्ही बेसूर असलात तरी थांबू शकता, यूट्यूब थांबत नाही. मूल सारखं अॅपबाहेर जात असेल तर आयपॅडवर 'गायडेड अॅक्सेस' आणि अँड्रॉइडवर 'अॅप पिनिंग' सुरू करा. एकाच दाबण्यात 'थांब थांब थांब' येत असेल तर आयपॅडच्या 'टच अकोमोडेशन्स'मध्ये 'इग्नोर रिपीट' आहे. घरी नीट बोलणारा टॅब पन्हाळ्याला जाऊन मुका झाला, तर मराठी आवाज इंटरनेटवरून येतोय का ते बघा. तो आवाज टॅबवर उतरवून घ्या आणि नेट बंद करून एकदा तपासा.

हलगी आणि 'नको'

आपल्याकडं वाजवायचं म्हटलं की हलगी, घुमकं आणि कैताळ. काही मुलांना तो आवाज अंगावर येतो. कानावर हात गेले, मान फिरली, तर ते बोलणंच आहे, 'नको' दाबून दाखवा आणि वाजवणं लगेच थांबवा. 'नको' म्हणूनही वाजतच राहिलं, तर बाकीच्या बटणांवरचा विश्वासही जातो. आवाजाकडं मूल लक्षच देत नसेल तर श्रवण तपासणी आधी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लवकर उपचारांची केंद्रं असतात, तिथं चौकशी करा.

'यंत्रामुळं बोलायचा आळस लागेल' ही भीती जवळपास प्रत्येक आजी-आजोबांना असते, आणि ती मायेपोटी असते. 2006 साली खुणा, चित्रं, यंत्रं अशा बोलण्याच्या पर्यायी मार्गांवरच्या जुन्या अभ्यासांचा एक आढावा निघाला. त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा 27 जणांचा होता, त्यांपैकी 89 टक्क्यांचं तोंडी बोलणं वाढलं होतं आणि कमी कुणाचंही झालं नव्हतं. यंत्र महागच असतं असंही नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे अॅप मराठीत आहे आणि फुकट आहे. टॅबच नसेल तर पुठ्ठ्यावर चार चित्रं चिकटवून आजच सुरुवात करा, मुलानं बोट ठेवलं की शब्द तुम्ही मोठ्यानं म्हणा.

घरी जमलेलं सगळं बालवाडीत अडतं, कारण प्रार्थनेच्या वेळी टॅब दप्तरात असतो. 'थांब' म्हणणाऱ्या त्या मुलाच्या आईनं दप्तराच्या पुढच्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवली होती: 'बाई, प्रार्थनेचा शेवटचा शब्द त्याचा आहे. बटण वरच्या ओळीत डावीकडं. पोरांनाही सांगा, मनात दहा मोजेपर्यंत कुणी म्हणायचं नाही.'