निविदेतल्या या चुका टाळा, नाहीतर त्या साइटवर निस्तराव्या लागतात

बांधकामातला वाद साइटवर पेटतो, पण त्याचा माग काढत गेलं की तो बहुतेक वेळा निविदेच्या कागदांत सापडतो. एखादी बाब मोघम लिहिलेली असते, कुणीतरी 'पुढचं पुढे बघू' म्हणून सही केलेली असते. काम काढणारा मालक असो की दर भरणारा कंत्राटदार, दोघांना माझं सांगणं एकच आहे: शंका लिफाफे उघडण्याआधी लेखी मिटवा. नंतर तीच शंका मिटवायला पैसे मोजावे लागतात.

परिमाणं अंदाजाने ठोकून देणं

मालकाच्या बाजूने होणारी ही सगळ्यात महाग चूक. निधी मंजूर झालेला असतो, तारीख गाठायची असते, नकाशे अर्धवट असतात आणि जमिनीत बोअर घेऊन चाचणी करायला कुणाला सवड नसते. मग अंदाजपत्रकात खोदकामाचे आकडे अंदाजाने घातले जातात.

एक उदाहरण करून बघा. परिमाणपत्रकात म्हणजे बीओक्यूत (कामाच्या बाबी आणि त्यांची परिमाणं, म्हणजे किती काम, देणारा तक्ता) मातीतलं खोदकाम 2000 घनमीटर आणि कठीण खडकातलं 200 घनमीटर दिलं आहे. पहिला कंत्राटदार घनमीटरमागे मातीला 300 आणि खडकाला 1200 रुपये दर लावतो, बेरीज 8,40,000. दुसरा मातीला 200 आणि खडकाला 2000 लावतो, बेरीज 8,00,000. काम दुसऱ्याला मिळतं. प्रत्यक्षात माती निघते 1200 घनमीटर आणि खडक 1000. आता पहिल्याचं बिल झालं असतं 15,60,000. दुसऱ्याचं होतं 22,40,000. कागदावर 40,000 ने स्वस्त असलेला माणूस 6,80,000 ने महाग पडला.

यात त्याने लबाडी केली असं लगेच म्हणू नका. तो साइटवर फिरला असेल, शेजारच्या विहिरीत डोकावला असेल, खडक कुठे लागतो ते त्याने पाहिलं असेल. जी माहिती मालकाने गोळा करायला हवी होती, ती त्याच्याकडे होती. म्हणून आधी बोअर घ्या आणि चाचणीचा अहवाल निविदेसोबत सगळ्यांना द्या. दर आल्यावर फक्त एकूण बेरीज बघू नका. ज्या बाबींचं परिमाण बदलण्याचा संभव आहे, त्यांचं परिमाण वाढवून-घटवून पुन्हा बेरीज करा. क्रमवारी उलटत असेल तर त्या बाबीचं दर विश्लेषण, म्हणजे तो दर कसा बसवला याचा हिशेब, मागवा. परिमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास दर नव्याने ठरेल, असं कलमही करारात हवं.

फक्त बीओक्यू वाचून दर भरणं

कंत्राटदारांमध्ये ही सवय इतकी रुजली आहे की अनेकांना ती चूक वाटतच नाही. बीओक्यूतल्या एका ओळीमागे तपशीलवार विनिर्देश (साहित्य आणि काम कसं हवं ते सांगणारा कागद), नकाशा आणि मोजमापाची पद्धत अशा तीन गोष्टी उभ्या असतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचंच घ्या. बीओक्यूत 'चौरस मीटर' एवढंच असतं. नकाशात मात्र थर कठड्यावर 300 मिलिमीटर चढवलेला दाखवतात, विनिर्देशात पाणी भरून चाचणी घ्यायला सांगतात आणि मोजमापाच्या कलमात 'फक्त आडवं क्षेत्रफळ मोजलं जाईल' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कठड्यावरचं काम, कोपऱ्यातली गोलाई, चाचणीचं पाणी, सगळं त्या एका दरात बसवायचं. हे बिलाच्या वेळी कळलं तर काहीच करता येत नाही.

कागदांमध्ये विसंगती असेल तर कुठला कागद वरचढ, तेही आधी बघा. फिडिक या अभियंता सल्लागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या रेड बुकमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, विनिर्देश नकाशांच्या वर आहेत, आणि बीओक्यू ज्यात मोडतं ती परिशिष्टं यादीत अगदी खाली. तुमच्या करारातला क्रम वेगळा असू शकतो, म्हणून ते कलम शोधून वाचा.

प्री-बिड बैठकीत तोंडी उत्तरावर विसंबणं

निविदा भरण्याआधी मालक शंकांसाठी बोलावतो त्या बैठकीत 'ते तुम्ही धरू नका, आम्ही देऊ' असं कुणी म्हणालं तर त्याला काही किंमत नाही. प्रश्न लेखी पाठवा, बाबीचा क्रमांक आणि नकाशाचा क्रमांक घालून. मालकाने उत्तर प्रश्नकर्त्याचं नाव न देता सगळ्या निविदाधारकांना पाठवायचं. एकालाच खुलासा दिला तर स्पर्धेचा पायाच गेला. आणि शुद्धिपत्रक (निविदेतल्या बदलांचा कागद) निघालं की जुनं बीओक्यू संगणकातून बाजूला काढा. जुन्या फाईलवर दर भरलेल्या निविदा आजही बाद होतात.

शेवटच्या तासात बेरीज करणं

कॅनडातला रॉन इंजिनिअरिंगचा खटला प्रत्येक अंदाजकाराने वाचावा. 1972 मध्ये या कंपनीने 27,48,000 डॉलरची निविदा भरली आणि सोबत 1,50,000 डॉलरची बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत ठेवायची अनामत. लिफाफे उघडले तेव्हा पुढची निविदा तब्बल 6,32,000 डॉलरने वर होती. घाईत 7,50,058 डॉलरचा खर्च बेरजेत धरायचाच राहिला होता. कंपनीने लिफाफे उघडल्यावर थोड्याच वेळात चूक कळवली आणि बयाणा परत मागितला. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1981 मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला: निविदा सादर झाली तेव्हाच तिच्या अटी बंधनकारक झाल्या, बयाणा जप्त. प्रामाणिक चूकही वाचवू शकली नाही.

म्हणून दर आदल्या दिवशी गोठवा आणि बेरीज अशा माणसाकडून तपासून घ्या ज्याने ते दर बसवलेले नाहीत. एकक तर हमखास तपासा. सळईचा दर किलोला धरून टनाच्या रकान्यात भरला की सगळं संपलं. जागतिक बँकेच्या नमुना निविदांमध्ये दर आणि परिमाणाशी केलेला त्याचा गुणाकार जुळत नसेल तर सहसा दर खरा मानतात, आकडा आणि अक्षर जुळत नसेल तर अक्षर. तुमच्या निविदेतला नियम वाचून ठेवा.

डिजिटल सहीची मुदत, बयाण्याच्या बँक हमीची वैधता, दरांच्या म्हणजे आर्थिक लिफाफ्यातला कागद पात्रतेच्या म्हणजे तांत्रिक लिफाफ्यात जाणं, स्वतःच्या लेटरहेडवरची 'आमच्या अटी लागू' ही ओळ: यातल्या कशानेही चांगली निविदा बाद होते. यादी करून टिकमार्क करा, एवढंच.

सर्वात कमी दर डोळे झाकून स्वीकारणं

अंदाजपत्रकापेक्षा खूप खाली आलेला दर ही आनंदाची बातमी नसते. नाकारण्याआधी मात्र त्या कंत्राटदाराला लेखी खुलासा मागा: साहित्य कुठून, मजूर किती, यंत्रं स्वतःची की भाड्याची. काहींकडे खरंच शेजारी सुरू असलेल्या कामाची यंत्रणा असते. खुलासा जुळत नसेल तर काम अर्ध्यात थांबण्याची शक्यता गृहीत धरूनच निर्णय घ्या.

कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) मिळाल्यावर खरेदी लांबवणं

सिमेंट-वाळू रोज मिळते. लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, मोठे पंप तसे मिळत नाहीत. त्यांचे नकाशे सादर करायचे, मंजुरी मिळवायची, मग उत्पादन, कारखान्यातली चाचणी, वाहतूक. मंजुरीत एक फेरी जास्त झाली तर पुढचं सगळं सरकतं. बसवायच्या तारखेपासून मागे मोजत या आणि ऑर्डरची शेवटची तारीख वेळापत्रकात लाल अक्षरात टाका. उपकंत्राटदाराच्या करारात दोष दायित्व कालावधी (काम झाल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) आणि दंडाची कलमं मुख्य कराराशी जुळवून घ्या. नाहीतर मालकाला दोन वर्षांची हमी तुम्ही देता आणि उपकंत्राटदार एका वर्षात मोकळा होतो.

आणि जादा काम किंवा मुदतवाढ मागायची वेळ आलीच तर नोटीस वेळेत द्या. फिडिकच्या 1999 आणि 2017 या दोन्ही आवृत्त्यांत घटना कळल्यापासून 28 दिवसांची मुदत आहे. ती हुकली तर दावाच बुडू शकतो. संबंध बिघडतील म्हणून अनेकजण पत्र पाठवायचं टाळतात. दोन ओळींचं पत्र पुरतं: काय घडलं, कधी घडलं, कुठल्या कलमाखाली कळवतो आहोत. रक्कम आणि हिशेब कराराच्या मुदतीत मागाहून देता येतो.