रोमनांनी जिंकलेल्या टोळ्यांचा मुलूख कसा राखला, हे समजून घेताना या चुका टाळा

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे लढाई जिंकली की मुलूख ताब्यात आला, असे धरून चालणे. इ.स.पू. ५२ मध्ये अलेसिया येथे रोमन सेनापती सीझरने गॉलच्या (म्हणजे आजच्या फ्रान्स व लगतच्या प्रदेशातील) टोळ्यांचा नेता व्हेर्सिंजेटोरिक्स याला शरण आणले, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु गॉलमध्ये कारभाराची घडी बसू लागली ती सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २७ मध्ये तेथे जनगणना आरंभल्यानंतर, कारण माणसे आणि मालमत्ता मोजल्याशिवाय नियमित कर बसवता येत नाही.

रोमनांनी टोळ्या मोडून टाकल्या, हा समजही सरसकट खरा नाही. आल्प्समधील सलासी टोळीला इ.स.पू. २५ मध्ये गुलाम म्हणून विकण्यात आले, ही क्रूरता विसरता कामा नये. पण गॉलमध्ये टोळी हाच कारभाराचा घटक ठेवून तिच्या सरदारांकडेच नगरसभा सोपवल्या गेल्या. एदुई टोळीने बिब्राक्तेचा डोंगरी गड सोडून ऑगस्टोडुनम हे नवे नगर वसवले, तेथे सरदारांची मुले रोमन शिक्षण घेऊ लागली आणि इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने याच टोळीतील मान्यवरांना रोमच्या सिनेटमध्ये प्रवेश दिला.

ही पद्धत कधी चुकलीच नाही, असे मानणे मात्र मला सर्वांत घातक वाटते. ब्रिटनमधील आयसेनी टोळीचा राजा प्रासुटागस याने आपल्या मुलींबरोबर सम्राट नीरोलाही वारस केले होते. तरीही त्याच्या मृत्यूनंतर रोमन अधिकाऱ्यांनी सारे राज्य लुटले, राणी बूडिकाला फटके मारले आणि तिच्या मुलींवर अत्याचार केले. शेजारच्या त्रिनोव्हांतेस टोळीच्या जमिनी कॅमुलोडुनम (आजचे कोल्चेस्टर) येथे वसवलेल्या निवृत्त रोमन सैनिकांनी आधीच बळकावल्या होत्या. इ.स. ६०-६१ च्या उठावात कॅमुलोडुनम, लंडन आणि व्हेरुलेमियम (आजचे सेंट ऑल्बन्स) ही तिन्ही नगरे जळाली. त्यानंतरही सुभेदार पॉलिनस सूडाची मोहीम चालवत राहिला, तेव्हा नवा वित्ताधिकारी क्लासिशियानस याने त्याविरुद्ध रोमला कळवले आणि पुढे पॉलिनसला परत बोलावण्यात आले.

या क्लासिशियानसचा सासरा इंडुस हा गॉलच्या त्रेव्हेरी टोळीचा सरदार होता आणि इ.स. २१ मध्ये रोमच्या बाजूने स्वतःच्याच टोळीतील बंडखोरांशी लढला होता. लंडनमध्ये सापडलेल्या क्लासिशियानसच्या समाधीलेखात त्याच्या पत्नीचे, म्हणजे इंडुसच्या मुलीचे, नाव आहे ज्युलिया पाकाटा, आणि लॅटिनमध्ये ‘पाकाटा’चा अर्थ ‘शांत केलेली’ असा होतो.