ओल्या ट्रॅकवर मोटारसायकल शिकताना

पुण्या-मुंबईकडचे अनेक नवे रायडर ट्रॅकवरचे पहिले धडे घेण्यासाठी चेन्नईजवळ, इरुंगाट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर (पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक) जातात. सुमारे ३.७ किलोमीटरच्या आणि १२ वळणांच्या या ट्रॅकवर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा सरल्यावर, ईशान्य मोसमी पाऊस गाठतो. अशा वेळी ट्रॅक सुरू असेल आणि प्रशिक्षक हजर असतील, तर सत्र सोडू नये असे माझे ठाम मत आहे. हाताच्या घाईची सवय ओल्या डांबरावर कमी वेगातही लगेच उघडी पडते.

आधी टायर पाहावेत. नक्षी झिजलेली असेल तर गाडी बाहेर काढूच नये. कोरड्या ट्रॅकवर टायर तापून हवेचा दाब वाढतो, म्हणून सुरुवातीला थोडी हवा कमी करतात. पावसात टायर तेवढा तापत नाही, त्यामुळे दाब उत्पादकाने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपास ठेवावा. हवा फार कमी असली तर टायरच्या खाचा दबून मिटतात आणि पाणी बाहेर फेकले जात नाही. व्हायझरवर आतून वाफ धरणार नाही याची सोयही निघण्यापूर्वीच करावी.

सर्वांत निसरडा काळ भर पावसाचा नसून पहिल्या सरीचा असतो, कारण डांबरावरचे तेल आणि रबराची पूड तेव्हा वर येते आणि अजून धुऊन गेलेली नसते. कोरड्यात जी लाइन, म्हणजे वळणातून गाडी नेण्याची वाट, उत्तम, तिच्यावर वर्षानुवर्षे टायर घासून रबर बसलेले असते. ओले झाल्यावर नेमका तोच पट्टा गुळगुळीत होतो. म्हणून वळणात त्या पट्ट्यापासून थोडे बाहेर, खडबडीत डांबरावर राहावे. ट्रॅकच्या कडेचे रंगवलेले कर्ब आणि पांढऱ्या रेषा यांवर झुकलेल्या गाडीने जाऊच नये.

ब्रेक लावताना पुढचा ब्रेक टाळण्याची नवशिक्यांची प्रवृत्ती समजण्यासारखी आहे, पण चुकीची आहे. गाडी सरळ असताना, नेहमीपेक्षा बरेच आधी, लिव्हर लिंबू पिळल्यासारखा हळूहळू दाबत न्यावा. गाडीचा भार पुढच्या टायरवर आला, की त्याची पकड वाढते आणि मग अधिक जोर देता येतो. भार येण्याआधीच लिव्हर झटक्याने ओढला तर चाक जागीच अडकते. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असले, तरी बोटांना हीच शिस्त लावावी.

वळणात शरीर आतल्या बाजूला अधिक न्यावे, म्हणजे त्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. हँडल सैल धरावे आणि पायांनी टाकी आवळावी. बाहेर पडताना एक गिअर वरचा ठेवून थ्रॉटल केसभर उघडावा आणि गाडी उभी होत जाईल तसा वाढवावा. मागचे चाक किंचित सरकले, तर थ्रॉटल एकदम बंद करू नये. हात स्थिर ठेवल्यास ते बहुधा आपोआप पकड घेते.

लाल झेंडा दिसताच वेग कमी करून, ओव्हरटेक न करता, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, परतावे.

पाऊस थांबल्यावर टायरांच्या वाटेचा एक अरुंद पट्टा आधी सुकतो. त्यावर वेग वाढवायला हरकत नाही, मात्र ओव्हरटेक करण्यासाठी त्याबाहेर पडताच पुन्हा ओल्या डांबराचेच नियम पाळावेत.